संगणकाचा धूर आणि गायरानातली झाडे

गेल्या वर्षी माझ्या हातून एक काम झाले. त्याचे मला आठ हजार रुपये मिळाले. त्या कामाचा माझ्या आत्याच्या शेताशी काय संबंध होता हे मला नंतर कळले, आणि कळल्यावर जो प्रश्न डोक्यात शिरला तो अजून निघालेला नाही. चळवळीतल्या मित्रांनी, शिक्षकांनी आणि विशेषतः संगणकावर पोट भरू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या प्रश्नाचा विचार करावा, म्हणून हा लेख.

नारायणगावात भाड्याच्या गाळ्यात माझे दुकान आहे. चार संगणक, एक झेरॉक्स, एक प्रिंटर. सातबारा काढून देणे, जातीच्या दाखल्याचे अर्ज भरणे, शिष्यवृत्तीचे फॉर्म, लग्नपत्रिका, आणि अलीकडे लहानमोठ्या धंद्यांच्या वेबसाइट. पुण्यातल्या एका कंपनीने तिच्या वेबसाइटचे एक पान मला करायला दिले. तिचा सगळा कारभार संगणकावरचा. मजकूर त्यांनीच पाठवला होता. आमच्या धंद्यामुळे हवेत जाणारा कार्बन आम्ही जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात झाडे लावून भरून काढतो, म्हणून आम्ही ‘कार्बन-तटस्थ’ आहोत, असा त्याचा आशय. सोबत एक फोटो होता. माळरान, तारेचे कुंपण, रांगेत लावलेली रोपे. मी फोटो बसवला, अक्षरांना हिरवा रंग दिला आणि पान पाठवून दिले. मागचा डोंगर ओळखीचा वाटला होता. पण आपल्याकडचे डोंगर दुरून सगळे सारखेच.

दिवाळीत आत्याकडे गेलो. तिचे गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या वरच्या अंगाला. तिथल्या बौद्धवाड्यातली पाच घरे माझ्या आजोबांच्या काळापासून गायरानाच्या एका तुकड्यावर नाचणी, वरई, हुलगा घेत आली आहेत. आत्या म्हणाली, “यंदा हुलगा नाही रे बाळा. कुंपण घातलंय. पुण्याच्या कंपनीनं झाडं लावल्यात म्हणं.” मी मोबाइल काढून तिला माझे पान दाखवले. तिने आपला तुकडा लगेच ओळखला. “हे तू केलंस व्हय?” तिने विचारले. मी हो म्हटले. ती रागावली नाही. “चांगलं दिसतंय,” एवढेच म्हणाली.

तेव्हापासून मी या विषयामागे लागलो. संगणकाच्या धंद्याने निसर्गाची हानी खरोखर होते का? होत असेल तर ती कमी कशी करायची? आणि जी कमी होत नाही तिची ‘भरपाई’ म्हणजे नेमके काय? या तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने मांडतो.

संगणकाला धूर असतो का?

कारखान्याची चिमणी दिसते, संगणकाची दिसत नाही. म्हणून हा धंदा स्वच्छ, असा आपला समज. पण मोबाइलवर आपण जे पाहतो ते कुठल्यातरी इमारतीतल्या यंत्रात साठवलेले असते. अशा इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. मुंबई-नवी मुंबई हे देशातले त्यांचे सर्वांत मोठे केंद्र आहे. पुण्यातही मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीची अशी केंद्रे २०१५ पासून चालू आहेत. ही यंत्रे रात्रंदिवस चालतात, तापतात, आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी आणखी वीज आणि बऱ्याच ठिकाणी पाणी लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या ती सुमारे दीड टक्का होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाढत्या वापरामुळे २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटांच्या आसपास जाईल, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे.

आता ही वीज कुठून येते? भारतात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे पाऊण हिस्सा कोळशावरची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार आपल्या जाळ्यातल्या दर युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे संगणकाला चिमणी आहे. फक्त ती त्याच्या मालकाच्या दारात नाही. ती चंद्रपूरला आहे, कोराडीला आहे, परळीला आहे. राख तिथल्या शेतांवर आणि तिथल्या लोकांच्या छातीत बसते.

धूर फक्त विजेचाही नसतो. यंत्र घडवतानाच पुष्कळ कार्बन हवेत गेलेला असतो. खाणीतून धातू काढणे, चिप बनवणे, समुद्रापार वाहून आणणे. एका मोबाइलच्या सगळ्या आयुष्यातला बहुतेक कार्बन तो आपल्या हाती येण्याआधीच सुटलेला असतो. आणि शेवटी यंत्र फेकले जाते. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के नियमाप्रमाणे गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेला कुठे गेला? तो कुठल्यातरी वस्तीत, कोणाच्यातरी उघड्या हातांनी फोडला, जाळला किंवा आम्लात बुडवला गेला. तांब्याच्या तारेसाठी वेष्टण जाळणारा माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा असतो हे मी या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. कचरा ज्यांच्या वाट्याला यायचा त्यांच्याच वाट्याला आला. फक्त कचऱ्याचे रूप बदलले.

हवामान बदलाचा फटकाही याच क्रमाने बसतो. ३० जुलै २०१४ ची सकाळ आपल्या तालुक्यात कोणी विसरलेले नाही. माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसे गाडली गेली, आणि गाव जागेवर नाही हे आधी एसटीच्या चालकाच्या लक्षात आले. त्या दरडीचे खापर एकट्या हवामानावर फोडणे बरोबर होणार नाही. उतारावरच्या जमिनीच्या सपाटीकरणाचीही तेव्हा चर्चा झाली. पण दरड कोसळली ती अतिवृष्टीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. धूर करणारा आणि दरडीखाली सापडणारा हे दोघे एक नाहीत. इथूनच हा प्रश्न आपला होतो.

आधी कमी करणे

मी माझ्या दुकानापासून सुरुवात केली. कारण दुसऱ्याला जाब विचारायचा तर आपली वही आधी उघडावी लागते.

वर्षभराची वीजबिले समोर ठेवली. साधारण अडीच हजार युनिट. त्याला ०.७ ने गुणले की पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड. मग तो कुठे खर्च होतो ते पाहिले. चार मोठे संगणक, प्रत्येकी सुमारे १०० वॉट, रोज दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे १,२०० युनिट. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत एसी सुमारे ८५० युनिट. उरलेले झेरॉक्स, दिवे, पंखे आणि रात्रभर उगाच चालू राहणाऱ्या वस्तू यांचे. हिशोब करण्याआधी मला वाटत होते की झेरॉक्सच सर्वांत जास्त वीज खाते. तसे नव्हते. म्हणून पहिली गोष्ट मोजणे. न मोजता केलेली काटकसर म्हणजे अंदाजाने दिलेले औषध.

दुसरी गोष्ट यंत्रांची. मोठ्या संगणकाच्या जागी लॅपटॉप ठेवला तर वीज १०० वॉटवरून ३० वॉटच्या आसपास येते. चारांचे मिळून वर्षाला ८४० युनिट वाचतात. पण नवा लॅपटॉप बनवताना दोन-अडीचशे किलो कार्बन आधीच सुटलेला असतो. चार नवे घेतले तर त्यांचा डाग फिटायला दीड-दोन वर्षे जातात. मी जुने, दुरुस्त केलेले लॅपटॉप घेतले. त्यांचा घडणीचा कार्बन पहिल्या मालकाच्या काळातच होऊन गेला होता. ज्याचे यंत्र ठीक चालते आहे त्याने ‘कमी वीज खाणारे’ म्हणून दरवर्षी नवे घ्यावे, हा सल्ला विक्रेत्याच्या फायद्याचा आहे. यंत्र जितकी वर्षे जास्त टिकवावे तितका त्याच्या घडणीचा बोजा दर वर्षाला कमी पडतो. बॅटरी बदला, मेमरी वाढवा, धूळ काढा.

तिसरी गोष्ट एसीची. तो २६ अंशांवर ठेवला, दुपारच्या चार तासांपुरताच लावला आणि पंखा सोबत चालवला. त्याचा खर्च निम्म्यावर आला. सगळे मिळून अडीच हजार युनिटांवरून मी साडेबाराशेच्या आसपास आलो. बिलही तेवढेच उतरले, हे सांगायला हवे. निसर्गाची काळजी ही पोट भरलेल्यांची चैन आहे असे जे म्हटले जाते ते निदान या बाबतीत खरे नाही.

चौथी गोष्ट पानाच्या वजनाची. वेबसाइटलाही वजन असते. मोबाइलने काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तोच आकार कमी करून दोनशे केबीत बसतो आणि पाहणाऱ्याला फरक कळत नाही. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, सरकणाऱ्या चित्रांची माळ, पाहणाऱ्यावर पाळत ठेवणारे जाहिरातीचे तुकडे, हे सगळे प्रत्येक वेळी प्रत्येक मोबाइलवर उतरते. पान हलके केले की डेटा सेंटर, तारा, मनोरे आणि वाचकाचा मोबाइल यांची वीज वाचते. एका पानामागे ही बचत किरकोळ आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातून दुसरे काही मिळाले ते माझ्या दृष्टीने मोठे आहे. जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातल्या एका बचत गटाच्या बायांसाठी मी पान केले होते. तांदूळ, नाचणी, मध विकण्यासाठी. पहिले पान नऊ एमबीचे होते आणि त्यांच्याच गावात ते उघडत नव्हते, कारण तिथे रेंज धड येत नाही आणि मोबाइल साधे. एक एमबीच्या आत आणल्यावर ते उघडले. जड पान श्रीमंतांच्या मोबाइलसाठी असते. हलके पान सर्वांसाठी असते, आणि साध्या मोबाइलवर आपले पान चालले तर गरिबाला नवा मोबाइल घेण्याची सक्तीही होत नाही.

पाचवी गोष्ट वीज कोणाची घ्यायची. इथे माझी अडचण झाली. छतावर सौर पाट्या बसवायच्या तर छत स्वतःचे हवे. माझा गाळा भाड्याचा. महावितरणकडे थोडा जादा दर देऊन हरित वीज मागण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. ज्याला परवडते त्याने ती घ्यावी. मोठ्या कंपन्यांनी तर नवी सौर किंवा पवन वीज थेट करार करून उभी करावी. पण लक्षात ठेवावे की स्वच्छ विजेचा पहिला हक्कदार आज मालमत्ता असलेला माणूस आहे. विजेचा प्रश्न हा मालकीचा प्रश्न आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी वीज आणि पाणी यांचे नियोजन सरकारी पातळीवर आणण्यासाठी जे काम केले ते याच दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे.

सहावी गोष्ट भंगाराची. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. यंत्र बनवणाऱ्यावर ते परत घेऊन प्रक्रिया करण्याची जबाबदारी त्यांनी टाकली आहे. धंदा करणाऱ्याने जुने यंत्र फेरीवाल्याला किलोवर विकून मोकळे होऊ नये. नोंदणी असलेल्या केंद्राला द्यावे आणि पावती घ्यावी. पण याचा अर्थ कचरा वेचणाऱ्यांना बाजूला सारावे असा नव्हे. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. या बायांमध्ये बहुसंख्य दलित आहेत. गोळा करण्याचे काम हातमोजे, ओळखपत्र आणि योग्य मोबदला देऊन त्यांच्याच संघटनांकडे सोपवता येते, हे त्यांनी सिद्ध केले आहे.

मग ‘भरपाई’ म्हणजे काय?

एवढे करूनही काही कार्बन उरतोच. माझ्या दुकानाचा पाऊण-एक टन उरला. इथे बाजार येतो आणि म्हणतो, तुझा एक टन राहू दे, दुसऱ्याने कुठेतरी एक टन वाचवला किंवा झाडात साठवला आहे, त्याचे प्रमाणपत्र विकत घे. अशा एका टनाच्या प्रमाणपत्राला कार्बन क्रेडिट म्हणतात. १९९७ च्या क्योटो कराराने या व्यवहाराला जागतिक मान्यता दिली. भारत सरकारने २०२३ साली आपली कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली.

कल्पना वरवर न्याय्य वाटते. तिची परीक्षा मात्र चार प्रश्नांनी करावी. एक, हे पैसे आले नसते तर ते काम झालेच नसते का? जे जंगल तसेही कोणी तोडणार नव्हते ते ‘वाचवल्याचे’ क्रेडिट खोटे असते. दोन, साठवलेला कार्बन टिकेल का? कोळसा जमिनीखाली कोट्यवधी वर्षे निजलेला होता. झाड वणव्यात एका दुपारी जाते. तीन, इथली तोड थांबवली म्हणून ती पलीकडच्या डोंगरावर सरकली का? चार, तोच टन दोघांनी आपापल्या वहीत धरला नाही ना?

या प्रश्नांपुढे किती क्रेडिट टिकतात? जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ आणि जर्मनीच्या ‘दी त्साइट’ या वृत्तपत्रांनी इतरांसह एक शोध प्रसिद्ध केला. जगातल्या सर्वांत मोठ्या प्रमाणक संस्थेच्या वर्षावन क्रेडिटांपैकी तपासलेली ९० टक्क्यांहून अधिक क्रेडिट पोकळ असल्याचे त्यात म्हटले होते. संस्थेने ते नाकारले. पण बाजाराचा विश्वास हलला. गूगल २००७ पासून स्वतःला कार्बन-तटस्थ म्हणवत असे. त्याने तो दावा पुढे सोडून दिला, आणि २०१९ च्या तुलनेत आपला कार्बन २०२३ पर्यंत ४८ टक्के वाढल्याचे स्वतःच जाहीर केले. आता अशा कंपन्या जास्त टिकाऊ उपाय शोधत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने भारतातल्या एका कंपनीशी एक लाख टनांचा करार केला. त्यात शेतातला आणि माळावरचा जैव कचरा कमी हवेत जाळून त्याचा कोळसा जमिनीत मिसळतात. हा कार्बन झाडापेक्षा बराच जास्त काळ टिकतो. त्यातही काडीकचरा देणाऱ्याला किती पैसे मिळतात, हा प्रश्न विचारायचाच आहे.

झाडांचा साधा हिशोबही करून पाहावा. वाढलेले झाड वर्षाला ढोबळमानाने वीस किलो कार्बन डायऑक्साइड घेते असे धरू. एक हजार टन काढणाऱ्या कंपनीला पन्नास हजार वाढलेली झाडे लागतील. हेक्टरी एक हजार झाडे धरली तर पन्नास हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वाशे एकर. तीही दरवर्षी जिवंत हवीत. आमच्या मुरमाड माळावर मार्चनंतर पाणी कोण घालणार? आणि रोप लावल्या दिवशी वीस किलो घेत नाही. पहिली काही वर्षे ते फारच थोडे घेते. प्रमाणपत्र मात्र आज मिळते.

जमीन कोणाची?

वरच्या चार प्रश्नांत एक पाचवा प्रश्न बाजाराने घातलेला नाही. तो आपल्याला घालावा लागेल. भरपाईसाठी लागणारी सव्वाशे एकर जमीन कोणाची?

बागायतदाराची द्राक्षबाग कोणी त्यासाठी मागत नाही. जुन्नरच्या टोमॅटोच्या, मंचरच्या बटाट्याच्या शेतात कोणी कुंपण घालत नाही. नजर जाते ती ‘पडीक’ जमिनीवर. पडीक हा शब्द नीट तपासला पाहिजे. गायरान पडीक असते ते सातबाऱ्यावर. प्रत्यक्षात तिथे भूमिहीनाची शेळी चरते, बाई सरपण आणते, आणि काही घरे हुलगा-नाचणी काढून दोन महिन्यांची भाकरी मिळवतात. १९५८ च्या कायद्याने महारकीचे वतन गेले. ज्यांना जमीन मिळाली नाही किंवा टिकवता आली नाही त्यांना गायरानाशिवाय काय उरले? म्हणून तर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले आणि हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्यांच्या रेट्यातूनच पुढे मागासवर्गीयांची शेतीसाठीची १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण सरकारला घ्यावे लागले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला. त्या निकालातही सरकारी आदेशाने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. निकालाचे पहिले वाक्य सर्वांना पाठ असते. अपवाद मात्र कोणी वाचून दाखवत नाही.

आपल्या भागाला हा अनुभव नवा नाही. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे. डिंभ्याच्या पाण्याखाली महादेव कोळ्यांची गावे गेली आणि पाणी गेले खालच्या तालुक्यांना, नगर-सोलापूरकडे. धरण उशाला, कोरड घशाला. भीमाशंकर १९८५ साली अभयारण्य झाले आणि जंगलात जाणारा आदिवासी घुसखोर ठरला. शेजारच्या खेड तालुक्यात भीमाशंकरच्या लगतच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्यांच्यावर कडक टीका केली. रस्त्यांसाठी जंगल तुटले, राडारोडा खालच्या शेतांत आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर जाणाऱ्या लोकांची वाट अडली. पवनचक्की धूर सोडत नाही, हे खरेच. पण धूर न सोडणारी गोष्टही अन्याय करू शकते.

उलट बाजूही पाहा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासींनी हिरड्याची झाडे पिढ्यान्‌पिढ्या राखली. जून २०२० च्या निसर्ग वादळात ती मोडली तेव्हा नुकसानभरपाईसाठी त्यांना वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले. त्या झाडांत किती कार्बन आहे! पण बाजाराच्या नियमाने त्याचे क्रेडिट नाही, कारण ती झाडे तशीही उभीच होती. ज्याने राखले त्याला काही नाही; ज्याने कुंपण घातले त्याला प्रमाणपत्र. ही त्या नियमातली चूक नव्हे, नियमच तसा आहे.

काय करावे?

माझे म्हणणे झाडे लावू नका असे नाही. माझे म्हणणे क्रमाबद्दल आणि मालकीबद्दल आहे.

कोणत्याही संगणकी धंद्याने आधी आपला धूर मोजावा, विजेचा, यंत्रांचा, प्रवासाचा, आणि तो आकडा जाहीर करावा. मग तो दरवर्षी खरोखर कमी करावा. उरलेल्यासाठी पैसे द्यावेत, पण ‘तटस्थ’ हा शब्द वापरू नये. आम्ही इतके टन सोडले आणि इतके रुपये अमुक कामाला दिले, एवढेच खरे लिहावे. ते पैसे कुठे द्यावेत? आश्रमशाळेच्या आणि वसतिगृहाच्या छतावर सौर पाट्या बसवता येतील. भूमिहीनाच्या नावावर झालेल्या जमिनीच्या बांधावर आंबा, आवळा, हिरडा लावता येईल. कचरा वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला शेड बांधून देता येईल. सामूहिक जमिनीवर काही करायचे तर ग्रामसभेचा ठराव आधी. जुन्नर-आंबेगावची पश्चिमेकडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला अधिकार देतात. करार मराठीत असावा, किती वर्षांचा, दर टनामागे गावाला आणि कसणाऱ्याला किती, झाड मेले तर जबाबदारी कोणाची, हे त्यात असावे. ज्या घरांची त्या जमिनीवर वहिवाट आहे त्यांची सही नसेल तर ग्रामसभेची सहीही पुरेशी मानू नये. कारण ग्रामसभेत बौद्धवाड्याचा आवाज किती चालतो हे आपण जाणतो.

आत्याच्या गावात आम्ही पाच घरांची कागदपत्रे जमवली. तलाठ्याकडून गाव नमुना १-ई चा उतारा काढला. ही अतिक्रमणांची नोंदवही. तिच्यात आजोबांचे नाव जुन्या सालांपासून आहे. दंडाच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या पेटीत निघाल्या. ज्या पावत्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून दिल्या गेल्या त्याच आज वहिवाटीचा पुरावा झाल्या. अर्ज तहसीलमध्ये आहे. ग्रामसभेत दोन तास वाद झाला आणि रोपांच्या ओळींमध्ये या पावसाळ्यात हुलगा पेरू द्यावा एवढे ठरले. कंपनीला मी पत्र लिहून पानावरचा मजकूर बदलायला सांगितला. मजकूर बदलला नाही. माझे काम मात्र बंद झाले.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या याच धंद्यात जाणार आहेत. जावेच, हे क्षेत्र आपल्याला सोडून चालणार नाही. पण कोणी हिरव्या अक्षरातले पान करायला दिले तर मी विचारले नाही ते तुम्ही विचारा. टन किती? कमी किती केले? झाडे कोणत्या गटनंबरात लावली? आणि तो गटनंबर मिळाला की त्या गावातल्या आपल्या माणसांना एक फोन करा. शिक्षकांनी शाळेचे वीजबिल मुलांसमोर ठेवून ०.७ चा गुणाकार करून घ्यावा. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातल्या गायरानांची यादी करून १-ई चे उतारे आत्ताच काढून ठेवावेत. कुंपण आल्यावर कागद शोधायला लागलो तर उशीर होतो. हे मी अनुभवाने सांगतो आहे.